सहा वातावरणांचा दाब आणि पन्नास लिटरची टाकी

एअर कॉम्प्रेसर घ्यायला दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा देऊ?" दुसरा प्रश्न, "टाकी केवढी?" आणि तुम्ही जरा घुटमळलात की समोरचा माणूस गेजकडे बोट दाखवून सांगतो, "साहेब, दीडशे पीएसआय मारतो हा!" हे तिन्ही आकडे खरे असतात (म्हणजे बऱ्यापैकी खरे). पण घरच्या गॅरेजसाठी मशीन निवडताना या तिघांपैकी एकही आकडा निर्णायक नाही. निर्णायक आकडा चौथाच असतो आणि तो बहुतेक वेळा बॉक्सच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला असतो, किंवा छापलेलाच नसतो.

आता "घरचं गॅरेज" म्हटल्यावर पुण्या-मुंबईतले फ्लॅटवाले हसतील हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे गॅरेज म्हणजे स्कूटर दुरुस्त करणाऱ्या काकांची टपरी. घरचं ते पार्किंग. पण ज्यांच्याकडे बंगल्याची एखादी शेड आहे, गावच्या घराचा गोठा रिकामा पडलाय, किंवा सोसायटीने तळघरात थोडी जागा दिली आहे, असे बरेच जण हल्ली जुनी बुलेट सोडवून पुन्हा जोडणे, लाकूडकाम, स्प्रे पेंटिंग वगैरे उद्योग करतात. परदेशात असलेल्या मित्रांकडे तर गॅरेज घराबरोबरच येतं. त्या सगळ्यांची गाडी कधी ना कधी कॉम्प्रेसरपाशी अडते. मीही दोन शनिवार-रविवार यात घालवले. स्पेसिफिकेशन वाचता वाचता जे हाती लागलं ते स्पेसिफिकेशनपेक्षा फारच रंजक निघालं. कारण या लाल-निळ्या टाकीवरचा प्रत्येक अवयव कुठल्यातरी जुन्या भानगडीतून आलेला आहे.

मूळ कल्पना लोहाराच्या भात्याइतकी जुनी. हवा ओढायची, दाबायची, सोडायची. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये भट्ट्या मोठ्या झाल्या तसे चामड्याचे भाते जाऊन लोखंडी सिलिंडर आले. १७७६ साली जॉन विल्किन्सन या कारखानदाराने आपल्या भट्टीला हवा पुरवण्यासाठी जेम्स वॅटचं वाफेचं इंजिन जोडलं. पण तो भाताच, फक्त मोठा. भट्टीला भरपूर हवा हवी असते, फार दाबाची नव्हे. हवा दाबून ठेवायची, नळातून लांब न्यायची आणि तिथे तिच्याकडून काम करून घ्यायचं, हा प्रकार खऱ्या अर्थाने उभा राहिला तो आल्प्स पर्वतात.

१८५७ साली सार्डिनिया-पीडमाँटच्या राज्यात, आजच्या फ्रान्स-इटलीच्या सीमेवर, फ्रेजूसचा बोगदा खणायला सुरुवात झाली. त्या काळच्या पुस्तकांत तो मॉन्ट सेनिसचा बोगदा म्हणून येतो. लांबी बारा किलोमीटरच्या वर. तोवर लांब बोगदा खणायची पद्धत अशी होती की डोंगरावरून मधेमधे उभ्या विहिरी पाडायच्या, म्हणजे एकाच वेळी अनेक तोंडांवर काम चालतं आणि वाराही खेळतो. इथे डोक्यावर दीड किलोमीटरहून जास्त जाडीचा डोंगर. विहीर पाडणं अशक्य. म्हणजे काम करायला दोनच तोंडं, एक या टोकाला, एक त्या टोकाला. हाताने पहार आणि घण मारून सुरुंगाची भोकं पाडायची म्हटलं तर पंचवीस-तीस वर्षं लागतील असा अंदाज होता. यंत्र न्यावं तर ते वाफेवर चालणार, आणि बंद बोगद्यात कोळसा जाळला तर माणसं गुदमरून मरणार.

(याच वर्षांत इकडे बोरघाटाचं काम चालू होतं, १८५६ ते १८६३. पंचवीस बोगदे, पण लहान लहान, आणि सगळे हाताने आणि दारूने फोडलेले. ऐन भरात बेचाळीस हजारांच्या आसपास मजूर तिथे राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट पुढे चालू ठेवलं. खंडाळ्याहून खाली उतरताना खिडकीत बसून वडापाव खाताना हे आठवत नाही, पण त्या प्रत्येक बोगद्यातलं प्रत्येक भोक कोणाच्यातरी हाताने पडलेलं आहे.)

फ्रेजूसचा प्रश्न जेर्मां सोमेयेर या इंजिनिअरने आणि त्याच्या दोन साथीदारांनी, ग्रान्दिस आणि ग्रात्तोनी यांनी, सोडवला. डोंगराबाहेर झऱ्यांचं पाणी उंचावरून आणायचं, त्या पाण्याच्या पडत्या स्तंभाने हवा दाबायची, आणि ती हवा नळातून आत नेऊन ड्रिल चालवायचं. धूर नाही, ठिणगी नाही, आणि ड्रिलमधून सुटलेली हवा थेट कामगारांच्या फुफ्फुसात. एकाच नळाने शक्तीही पुरवली आणि श्वासही. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत देखणा भाग वाटतो. १८६१ मध्ये इटलीच्या बाजूला आणि १८६३ मध्ये फ्रान्सच्या बाजूला ही यंत्रं लागली, डिसेंबर १८७० मध्ये दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्या, आणि १७ सप्टेंबर १८७१ ला बोगदा खुला झाला. सोमेयेर त्याआधी दोनच महिने, जुलैत, वारला होता. पुढे लंडनहून मुंबईला येणारी डाक याच बोगद्यातून इटलीतल्या ब्रिंडिसी बंदराकडे जाऊ लागली आणि तिथून बोटीने इकडे. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळी इंग्लंडहून आलेली पत्रं दाबलेल्या हवेने पाडलेल्या भोकातून आलेली होती.

आता महत्त्वाचा आकडा. सोमेयेरची हवा सहा वातावरणांच्या दाबाची होती, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या सहापट. गेज बाहेरच्या हवेला शून्य धरतं, त्यामुळे आजच्या गेजवर हा दाब साधारण ७५ पीएसआय दिसेल. आता आजच्या कुठल्याही हवेच्या हत्याराचं, इम्पॅक्ट रेंच म्हणा, ग्राइंडर म्हणा, लेबल वाचा. ९० पीएसआय. दीडशे वर्षांत दाब जवळजवळ जागचा हललेला नाही!

हे का? माझ्या मते दोन कारणं. दाब फार कमी ठेवला तर तेवढंच काम करायला हत्याराचा सिलिंडर मोठा करावा लागतो आणि हत्यार हातात धरवत नाही. दाब फार वाढवला तर हवा तापते, आणि हे तापणं साधंसुधं नसतं. सायकलच्या पंपाचं बूड हाताला चटका देतं तेच प्रकरण. खोलीच्या तापमानाची, म्हणजे २० अंशांची हवा एका झटक्यात आठपट दाबली आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर हिशेबाने तिचं तापमान अडीचशे अंशांच्या वर जातं. त्या तापमानाला तेल करपतं आणि व्हॉल्व्हवर काजळी धरते. शिवाय ही सगळी उष्णता म्हणजे वाया गेलेली वीज, कारण टाकीत हवा गार होते आणि ती उष्णता परत मिळत नाही.

सोमेयेरच्या यंत्रात पाणी आणि हवा एकमेकांना चिकटूनच असल्यामुळे हा प्रश्न थोडा आपोआप सुटला होता. पुढे गोटहार्डच्या बोगद्यासाठी (१८७२ ते १८८२, पंधरा किलोमीटर) जिनिव्हाच्या दानिएल कोलादों यांनी कॉम्प्रेसर बनवले. त्यांत सिलिंडरच्या आतच पाण्याचा बारीक फवारा मारून हवा गार ठेवली जायची. हे कोलादों म्हणजे तेच, ज्यांनी १८४०च्या सुमारास पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाश वळवून दाखवला होता. ऑप्टिकल फायबरचा इतिहास लिहिताना लोक त्यांच्यापासून सुरुवात करतात. एकाच माणसाकडे आमच्या ऑफिसच्या इंटरनेटचं आणि गॅरेजच्या कॉम्प्रेसरचं मूळ सापडावं याचा मला उगाचच आनंद झाला :)

पाण्याच्या फवाऱ्याने सिलिंडर गंजतो, म्हणून नंतर दुसरा उपाय रुळला. एकदम आठपट दाबायचंच नाही. पहिल्या सिलिंडरमध्ये पावणेतीनपटीच्या आसपास दाबा, मधे हवा एका पंखेवाल्या नळीतून फिरवून गार करा, मग दुसऱ्या सिलिंडरमध्ये पुन्हा तेवढीच दाबा. अडीचशेच्या जागी तापमान सव्वाशेच्या आत राहतं. दुकानात "टू स्टेज" म्हणून जे मिळतं ते हेच. एक सिलिंडर मोठा, दुसरा लहान, आणि दोघांना जोडणारी पंखेदार नळी. नुसते दोन सिलिंडर दिसले म्हणून टू स्टेज समजू नका. दोन्ही सारख्या मापाचे असतील तर ते बहुधा एकाच टप्प्यात काम करणारे जुळे भाऊ आहेत. घरगुती वापराला, ज्यात मशीन दहा मिनिटं चालून वीस मिनिटं थांबतं, सिंगल स्टेज पुरेसा आहे. टू स्टेजचे जास्तीचे पैसे ज्याचं मशीन दिवसभर चालतं त्याने द्यावेत.

आल्प्समधून ही हवा दोन दिशांनी शहरात उतरली. पहिली रेल्वेने. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस नावाचा पोरगा गाडीचे ब्रेक सगळ्या डब्यांना एकदम कसे लावायचे या विचारात होता. वाफ नळातून पाठवावी तर ती वाटेत थंड होऊन तिचं पाणी होतं. त्याने एका मासिकात या बोगद्याविषयी वाचलं. हजारो फूट आत हवा ड्रिल चालवू शकते, तर डब्यांखालून ब्रेक का नाही? १८६९ मध्ये त्याला एअर ब्रेकचं पेटंट मिळालं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. (बावीस! त्या वयात आपण कॅम्पस इंटरव्ह्यूची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट सोडवत होतो.) आपल्या भारतीय रेल्वेने मात्र बराच काळ उलटा मार्ग धरला, व्हॅक्यूम ब्रेकचा. निर्वात पोकळी कितीही चांगली केली तरी एका वातावरणापेक्षा जास्त फरक मिळत नाही. दाबलेल्या हवेला तशी मर्यादा नाही. म्हणून लांब आणि जड गाड्यांना शेवटी एअर ब्रेकच लागले. एसटी थांब्यावर उभी राहिली की जो "फुस्स" आवाज येतो, तोही याच घराण्यातला.

दुसरी दिशा पॅरिसची, आणि इथे जरा थांबायला हवं. व्हिक्टर पॉप या मूळच्या ऑस्ट्रियन माणसाने १८८० साली पॅरिसमध्ये घड्याळांची योजना सुरू केली. एका ठिकाणी मुख्य घड्याळ, तिथून रस्त्याखालच्या नळांतून दर मिनिटाला हवेचा एक ठोका, आणि शहरभरच्या घड्याळांचे काटे एकदम एक घर पुढे. नळ टाकलेच आहेत तर त्यांतून नुसती वेळ का विकायची, शक्तीही विकू, असा विचार पुढे आला. त्यासाठी वेगळे मोठे नळ पडले, शहराच्या पूर्वेला कॉम्प्रेसरचं मोठं केंद्र उभं राहिलं, आणि १८९६ पर्यंत पॅरिसच्या रस्त्यांखाली ५० किलोमीटर नळांतून हवा खेळत होती. दाब? ५५० किलोपास्कल. म्हणजे ८० पीएसआय. पुन्हा तोच.

लहान कारखानदार नळ जोडून घ्यायचे, मीटर लावायचे आणि हवेचं बिल भरायचे. अनेकांनी जुनं वाफेचं इंजिन तसंच ठेवून बॉयलरऐवजी त्याला हवेचा नळ जोडला. हवा पसरताना इतकी थंड होते की इंजिनच्या तोंडाशी बर्फ जमायचा, म्हणून आधी ती एका छोट्या शेगडीवरून तापवून घ्यायचे. काहींनी उलट त्या थंड हवेवरच शीतगृहं चालवली. थोडक्यात, क्लाउडमधून हवी तेवढी सर्व्हिस भाड्याने घ्यायची आणि वापराप्रमाणे पैसे भरायचे, हे पॅरिसकरांनी एकोणिसाव्या शतकात करून बघितलं होतं, फक्त हवेच्या रूपात. त्यांचं डाउनटाइमही जोरदार होतं. जानेवारी १९१० मध्ये सीन नदीला पूर आला, घड्याळांना हवा पुरवणाऱ्या केंद्रात पाणी शिरलं आणि रात्री अकराच्या सुमारास शहरातली सार्वजनिक घड्याळं एकाच वेळेवर थबकली. घड्याळांची सेवा १९२७ मध्ये संपली. शक्तीचं जाळं मात्र विजेची मोटर येऊनही रडतखडत टिकलं, ते थेट १९९४ पर्यंत.

हवा हरली ती विजेच्या मोटरपुढे, आणि योग्यच हरली. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला फार थोडा भाग हत्याराच्या टोकाशी काम म्हणून मिळतो. बाकी उष्णतेत आणि गळतीत जातो. म्हणूनच आज कॉम्प्रेसर घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा: मला हवाच हवी आहे, की फिरणारं काहीतरी हवं आहे? भोकं पाडायची, स्क्रू पिळायचे, नट सोडवायचे, एवढंच असेल तर बॅटरीवरचं चांगलं हत्यार घ्या आणि हा लेख इथेच सोडा. फक्त टायरमध्ये हवा भरायची असेल तर गाडीच्या सॉकेटवर चालणारा हातात मावणारा पंप पुरतो, शिवाय पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते. कॉम्प्रेसर त्याच कामांना लागतो जिथे हवा हीच सामग्री आहे: रंगाचा फवारा, धूळ उडवणं, कार्ब्युरेटरची बारीक भोकं साफ करणं, वाळूचा मारा करून गंज काढणं.

त्यातलं रंगकाम हेच कॉम्प्रेसरला गॅरेजमध्ये घेऊन आलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात प्रचंड इमारती मुदतीत पांढऱ्या करायच्या होत्या. सजावटीचे प्रमुख चित्रकार फ्रान्सिस मिलेट यांच्या मंडळींनी ब्रश बाजूला ठेवून दाबलेल्या हवेने रंग फवारला. (हे मिलेट पुढे १९१२ मध्ये टायटॅनिकवर गेले.) पण मोटारींच्या दुनियेत खरा बदल झाला तो १९२३-२४ मध्ये, ड्यूपाँट आणि जनरल मोटर्सच्या ड्यूको या नायट्रोसेल्युलोज रंगाने. त्याआधी गाडीवर वॉर्निशचे थर देऊन ते वाळायला आठवडेच्या आठवडे जायचे. हा नवा रंग इतक्या झपाट्याने वाळायचा की ब्रश फिरवेपर्यंत त्याचे पट्टे उमटत. फवारण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. कारखान्यात तसा रंग लागला म्हटल्यावर पोचा काढणाऱ्या गल्लीतल्या गॅरेजलाही तोच मारणं भाग पडलं. आणि स्प्रे गन घेतली की कॉम्प्रेसर आलाच. आपल्याकडे हे यंत्र देशातच बनवायची सोय झाली, त्यात पुण्याचाही वाटा आहे. किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी १९५८ सालची.

आता तो चौथा आकडा. सीएफएम, दर मिनिटाला किती घनफूट हवा मिळते. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. यातही मेख आहे. सिलिंडरचं आकारमान गुणिले फेरे एवढाच हिशेब करून जो आकडा निघतो तो "डिस्प्लेसमेंट". प्रत्यक्षात ९० पीएसआयला बाहेर पडणारी हवा त्याच्या साठ-पंचाहत्तर टक्केच असते. तिला एफएडी म्हणतात, फ्री एअर डिलिव्हरी. दुकानदाराला एफएडी विचारा. त्याला माहीत नसेल तर ढोबळ नियम असा, की एका एचपीला साडेतीन सीएफएम धरा. दोन एचपीचं मशीन बारा सीएफएम देतो म्हणत असेल तर ते डिस्प्लेसमेंट तरी आहे, नाहीतर थाप आहे.

मग टाकी कशासाठी? टाकी हा बफर आहे, बस्स. टाकी हवा बनवत नाही. उदाहरण घ्या. ५० लिटरची टाकी, ८ बारला भरलेली, आणि गनला किमान ६ बार हवेत. या २ बारच्या उताराला टाकीतून मिळते १०० लिटर हवा. एक एचपीचा पंप मिनिटाला तेवढीच आणखी भरतो. चांगली स्प्रे गन मिनिटाला १० सीएफएम, म्हणजे २८० लिटर पिते. तूट मिनिटाला १८० लिटर. म्हणजे तुम्ही अर्ध्या मिनिटाच्या आसपास फवारणार आणि मग गन थुंकायला लागणार, गाडीच्या बरोबर बॉनेटच्या मधोमध. टाकी दुप्पट केलीत तर हे एक मिनिटानंतर होईल, एवढाच फरक. ज्यांनी स्ट्रीमिंगचा व्हिडिओ अडकताना बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको. नट सोडवणं, टायर, धूळ उडवणं या थांबून-थांबून होणाऱ्या कामांना मात्र टाकी खूप मदत करते. तिथे छोटा पंप आणि मोठी टाकी ही जोडी चालते.

तेलवाला की ऑइल-फ्री? ऑइल-फ्रीचं मूळ १९३८ मध्ये सापडलेल्या टेफ्लॉनमध्ये. टेफ्लॉनच्या रिंगांना तेल लागत नाही. दाताच्या डॉक्टरांना हे फार सोयीचं पडलं, कारण रुग्णाच्या तोंडात तेलाचा फवारा कोणालाच नको असतो. आज "सायलेंट" म्हणून मिळणारी मशीनं त्या दवाखान्यांतल्या मशीनच्याच नात्यातली आहेत. सोसायटीत राहत असाल तर तीच घ्या. बेल्टवाला तेलाचा पंप जास्त वर्षं टिकतो आणि रिंग बदलून पुन्हा उभा राहतो, पण रविवारी दुपारी दोन वाजता तो सुरू केलात तर वरच्या मजल्यावरच्या काकू खाली येतील आणि त्यांची बाजू बरोबर असेल.

राहिलं पाणी, आणि याबद्दल दुकानात कोणी चकार शब्द काढत नाही. पावसाळ्यातली मुंबई किंवा कोकणातली हवा घ्या, ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता. अशा एका घनमीटर हवेत २४ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. तीच हवा आठपट दाबून गार केली की तिच्यात जेमतेम ४ ग्रॅम मावतात. उरलेले २० ग्रॅम टाकीत पाणी होऊन पडतात. ५ सीएफएमचं मशीन सलग तासभर चाललं तर १७० ग्रॅम, म्हणजे मोठा पेलाभर पाणी टाकीच्या तळाशी. टाकी साध्या पोलादाची. पुढे काय होतं ते सांगायला नको, फक्त ते आतून होतं आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो. तळाचा तो छोटा नळ त्यासाठीच असतो. काम संपलं की हवा उतरवून तो उघडायचा, रोज.

हे मी जरा ठासून लिहितोय, कारण इथे प्रश्न मशीन खराब होण्याचा नाही. ५० लिटरची टाकी ८ बारला भरली की तिच्यात अगदी कंजूष हिशेबानेही तीस हजार ज्यूल साठलेले असतात. सिमेंटचं ५० किलोचं पोतं वीस मजल्यांवरून खाली टाकल्यासारखं. ते तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर, तुमच्यापासून दोन फुटांवर बसलेलं असतं. दाबाच्या भांड्यांची शिस्त जगाने फार महागात शिकलेली आहे. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेत ब्रॉक्टन इथल्या बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसं गेली. त्यानंतर कायदे झाले, १९१४ मध्ये तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने बॉयलरची संहिता तयार केली आणि १९२५ मध्ये त्यात आगीवाचूनच्या दाबाच्या टाक्यांचा भाग आला. टाकीवरची ती पितळी नेमप्लेट, तिच्यावरचा कमाल दाब, आणि ठरलेल्या दाबाला आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, हे सगळं त्याच परंपरेतलं. त्याची रिंग महिन्यातून एकदा ओढून बघा. फुस्स झालं पाहिजे.

आपल्या रस्त्यांवरच्या कित्येक पंक्चरच्या टपऱ्यांवर मात्र नेमप्लेट केव्हाच गायब झालेली, बुडाला वेल्डिंगचे ठिगळ लावलेली टाकी दिवसभर धडधडत असते आणि शाळेतली पोरं सायकल घेऊन तिला टेकून उभी असतात. मलाही अशीच एक सेकंड-हँड टाकी "एकदम कंडिशनमध्ये" म्हणून दाखवली गेली. निम्म्याहून कमी किंमत. तळाचा नळ उघडायला सांगितला तर तो गंजून बसलेला होता. म्हणजे वर्षानुवर्षं कोणी उघडलाच नव्हता. मी हात जोडले आणि नवा घेतला: दोन एचपी, सिंगल स्टेज, ऑइल-फ्री, ५० लिटर, साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा. गाडीचा अख्खा पत्रा रंगवणं याच्याकडून होणार नाही. मोटरसायकलची टाकी आणि मडगार्ड होतात, एकेक करून.

तरी जुनीच घ्यायची असेल तर पाण्याची चाचणी करून घ्या. टाकी काठोकाठ पाण्याने भरायची, हवेचा बुडबुडासुद्धा ठेवायचा नाही, आणि हातपंपाने रोजच्या दाबापेक्षा थोडा जास्त दाब द्यायचा. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. टाकी कच्ची असेल तर फट पडते आणि पाणी जमिनीवर सांडतं. हायड्रो टेस्ट म्हणतात तिला. एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे करून मिळते.